दुधाचं दही झालं, या वाक्यात ग्रीकांना काय खुपलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नक्की कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही म्हणता, जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांपैकी हेराक्लिटस सांगतो की सगळं वाहतं आणि पार्मेनिडीस सांगतो की काहीच बदलत नाही. ज्याला डोळ्यांसमोरचा बदल दिसत नाही, त्याला थोर का म्हणायचं? शिवाय ॲरिस्टॉटलने 'सुप्त' आणि 'प्रत्यक्ष' असे दोन शब्द काढून हे भांडण मिटवलं असं नोट्समध्ये असतं. मग त्याने खरंच काही सोडवलं, की अडचणीला फक्त नाव दिलं?

शेवटची शंका सगळ्यात चांगली आहे. तिच्याकडे सावकाश येतो. आधी एक कबुली देतो. मी पंचवीसेक वर्षं बी.ए.च्या मुलांना पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा पेपर शिकवतोय आणि सुरुवातीची बरीच वर्षं हा भाग मी कुस्तीसारखा शिकवला. एका कोपऱ्यात हेराक्लिटस, दुसऱ्यात पार्मेनिडीस आणि शेवटी ॲरिस्टॉटल पंच होऊन दोघांचे हात वर करतो. मुलांना आवडायचं, उत्तरपत्रिकेतही छान उतरायचं. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, पार्मेनिडीसच्या घरी दही लागत नव्हतं का?" वर्ग हसला, मीही हसलो आणि पुढे गेलो. संध्याकाळी लक्षात आलं, की तिने विनोद केला नव्हता, आणि मी उत्तरही दिलं नव्हतं. तेव्हापासून हा विषय मी दह्यापासूनच सुरू करतो.

रात्री पातेल्यात दूध होतं, सकाळी दही आहे. आता सांगा, हे दही रात्री कुठे होतं? उत्तरं दोनच संभवतात. दुधात होतं म्हणालात, तर सकाळी नवीन काही घडलंच नाही, होतं तेच आहे. नव्हतं म्हणालात, तर जे नव्हतं ते आलं कुठून? 'नाही'मधून 'आहे' निघालं? तसं असेल तर पातेल्यात दहीच का निघालं, गूळ का नाही? दुसऱ्या बाजूनेही हीच गत. दूध पूर्ण नाहीसं झालं असेल, तर 'दुधाचं दही झालं' हे वाक्य खोटं. एक वस्तू गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, एवढंच खरं. ही तर जादूगाराच्या टोपीतली गोष्ट झाली. आणि दूध शिल्लक असेल, तर मग झालं काय?

खरा प्रश्न हा आहे. जग बदलतं की नाही याबद्दल कुणाचं फारसं भांडण नव्हतं. 'हे त्याचं ते झालं' असं म्हणताना आपण काय काय कबूल करून बसतो, आणि ते कबूल करणं परवडतं का, यावर सगळी झटापट आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या 'फिजिक्स' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात, आठव्या अध्यायात जुन्या लोकांच्या नावावर हाच पेच मांडलाय: जे होतं ते 'आहे'तून होऊ शकत नाही, कारण ते आधीच आहे, आणि 'नाही'तून तर काहीच होऊ शकत नाही.

दह्याचं उदाहरण मी मराठी सोयीसाठी ओढूनताणून आणलंय असं वाटत असेल, तर तसं नाही. ग्रीक लोक दूध घट्ट करायला अंजिराचा चीक वापरत, चीज करण्यासाठी. 'इलियड'च्या पाचव्या सर्गात युद्धदेव एरीजची जखम कशी झटकन भरली, तर चिकाने दूध जसं बघता बघता आळतं तशी, अशी उपमा आहे. एम्पिडोक्लीज या तत्त्वज्ञाच्या उरलेल्या ओळींत चिकाने दूध बांधलं जाण्याची एक ओळ आहे. ॲरिस्टॉटल तर गर्भ कसा धरतो हे समजावताना दूध आणि ते आळवणारा चीक यांचाच दाखला देतो. म्हणजे हे पातेलं त्यांच्याही घरात होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे सांगणार आहे, त्यातलं बरंच तुम्ही कुणाचं पुस्तक वाचता यावर अवलंबून आहे. प्लेटोच्या आधीच्या एकाही तत्त्वज्ञाचा संपूर्ण ग्रंथ आपल्या हातात नाही. नंतरच्यांनी आपापल्या मुद्द्यासाठी उद्धृत केलेले तुकडे आहेत. हेराक्लिटसची सव्वाशेच्या आसपास वचनं, पार्मेनिडीसच्या कवितेच्या साधारण दीडशे-एकशेसाठ ओळी. त्यातल्या बऱ्याचशा वाचल्या त्या सिम्प्लिकियस नावाच्या सहाव्या शतकातल्या भाष्यकारामुळे. म्हणजे पार्मेनिडीसनंतर हजार वर्षांनी. त्यामुळे 'हेराक्लिटस असं म्हणाला' या वाक्यात नेहमी एक मधला माणूस असतो. परीक्षेपुरतं हवं असेल तर त्याकडे दुर्लक्ष करून चालतं. समजून घ्यायचं असेल तर चालत नाही.

सुरुवात मिलेटसची, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरची. सगळ्याचं मूळ म्हणून थेलीजने सांगितलेलं पाणी आणि ॲनॅक्झिमँडरने सांगितलेलं 'अमर्याद' तुम्हाला माहीत असेल, ते सोडतो. आपल्या कामाचा आहे ॲनॅक्झिमिनीज. तो म्हणतो, मूळ वस्तू हवा. ती विरळ झाली की अग्नी होतो. दाटत गेली की वारा, ढग, पाणी, माती, दगड. पुरावा म्हणून त्याने जे सांगितलं ते आत्ता करून बघता येईल. ओठ आवळून तळहातावर फुंकर मारा, गार लागते. तोंड उघडून हाऽ करा, ऊब लागते. म्हणून दाटलेली हवा गार आणि मोकळी हवा उष्ण, असा त्याचा निष्कर्ष. निष्कर्ष चुकलाय, सायकलच्या पंपाचं टोक ज्याच्या हाताला लागलंय त्याला हवा दाबली की तापते हे ठाऊक असतं. पण रीत बघा. एक वस्तू कायम आणि तिची अवस्था बदलते. दही म्हणजे दाटलेलं दूध. बदलाचा हा पहिला धड म्हणावा असा आराखडा आहे, आणि ॲरिस्टॉटलच्या उत्तराचं अर्धं बी यातच आहे.

फक्त एक गोष्ट राहून जाते. दूध तेच, मान्य. पण दाटपणा? तो रात्री होता का? पेच मिटला नाही, एक पायरी खाली सरकला.

आता हेराक्लिटस. हा इफिससचा, इ. स. पू. ५००च्या सुमाराचा. 'सगळं वाहतं' हे वाक्य त्याच्या वचनांत या शब्दांत कुठेही नाही. 'एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही' हे प्लेटोने 'क्रॅटिलस' संवादात त्याच्या नावावर सांगितलंय. त्याच्या मूळ शब्दांच्या जास्त जवळचं मानलं जातं ते वचन वेगळं आहे: त्याच नद्यांमध्ये पाऊल टाकणाऱ्यांवरून वेगवेगळं पाणी वाहत राहतं. यातल्या 'त्याच' या शब्दावर बोट ठेवा. नद्या त्याच आहेत. पाणी वेगळं आहे म्हणून नदी वेगळी, असं तो म्हणत नाही. उलट, पाणी बदलत राहतं म्हणूनच ती नदी आहे. थांबलं तर डबकं होईल.

हे वर्गात दाखवायला मी त्याच्याच दुसऱ्या वचनाचा आधार घेतो. ग्रीकांचं कायकिऑन नावाचं पेय असे, जवाचं पीठ, वाइन आणि किसलेलं चीज घालून ढवळलेलं. हेराक्लिटस म्हणतो, ढवळत राहिलं नाही तर कायकिऑनसुद्धा विलग होतं. जव म्हणजे आपल्याकडे ज्याला सातू असंही म्हणतात तेच धान्य. मी काचेच्या ग्लासात पाणी आणि जवाचं पीठ घेऊन जातो (वाइन आणण्याची सोय नाही), चमच्याने जोरात ढवळतो, ग्लास टेबलावर ठेवतो आणि हजेरी घेतो. साठ नावं होईपर्यंत खाली पिठाचा थर आणि वर गढूळ पाणी. मग विचारतो, पेय कुठे गेलं? पीठ आहे, पाणी आहे, ग्लासातून काहीही कमी झालेलं नाही. पेय मात्र नाही, कारण हालचाल थांबली. काही वस्तू बदल असूनही टिकतात असं नाही, बदल आहे म्हणूनच टिकतात. हा हेराक्लिटसचा मुद्दा, आणि मला तो नदीपेक्षा ग्लासात जास्त स्वच्छ दिसतो. शिवाय त्याचा बदल बेबंद नाही. जग हा सदैव जिवंत अग्नी आहे, 'मापाने पेटणारा आणि मापाने विझणारा', असं तो म्हणतो. 'माप' विसरलं की त्याचा हेराक्लिटस राहत नाही, कॅलेंडरवरचा सुविचार होतो.

माप विसरणारे लोक तेव्हाही होतेच. हेराक्लिटसचाच अनुयायी क्रॅटिलस म्हणे, नदीत एकदासुद्धा उतरता येत नाही. शेवटी त्याने बोलणंच सोडलं आणि नुसतं बोट हलवायचा, असं ॲरिस्टॉटल सांगतो. कारण शब्द उच्चारेपर्यंत वस्तू बदललेली! सिसिलीतल्या एपिकार्मस या विनोदी नाटककाराच्या नावावर तर फर्मास किस्सा आहे. उधारी मागायला आलेल्याला कर्जदार म्हणतो, माणूस दर क्षणी बदलतो, पैसे घेतले तो मी नव्हेच. सावकार त्याला बदडतो. तक्रार केल्यावर म्हणतो, मारलं तो मी आता कुठे राहिलोय? बदल पूर्ण मानला तर उधारीही बुडते आणि फिर्यादही. 'तोच' म्हणायला काहीतरी टिकावं लागतं, हे इथे हसत हसत कळतं.

आणि आता तुमचा पार्मेनिडीस, इटलीच्या दक्षिणेकडच्या एलियाचा. पहिल्यांदा हे मनातून काढून टाका की त्याला दिसत नव्हतं. त्याच्याच कवितेच्या दुसऱ्या भागात विश्वाचं वर्णन आहे, आणि चंद्र हा परक्या प्रकाशाने उजळलेला, सदैव सूर्याच्या किरणांकडे पाहणारा, असं त्यात म्हटलंय. इतकं बारीक निरीक्षण करणाऱ्या माणसाला दही लागतं हे माहीत होतं. त्याचा दावा असा की जे दिसतं त्याचं वर्णन आपण ज्या शब्दांत करतो, ते शब्द तर्कापुढे उभे राहत नाहीत.

कविता अशी की एक तरुण रथातून देवीकडे जातो आणि देवी बोलते. पण मी देवी आहे म्हणून मान, असं ती म्हणत नाही. सवयीच्या डोळ्यांवर आणि कानांवर विसंबू नको, तर्काने पारख, असं सांगते. मग युक्तिवाद. जे 'नाही' त्याचा विचार करून बघ. करता येत नाही. विचार करायचा म्हटला की कशाचा तरी होतो. म्हणजे 'नाही' हा रस्ताच बंद. आता कुठलीही गोष्ट 'झाली' म्हटलं की ती आधी नव्हती असं म्हणावं लागतं, म्हणजे त्याच बंद रस्त्याने जावं लागतं. म्हणून 'झालं'ही बाद आणि 'संपलं'ही बाद. उरतं फक्त 'आहे'.

इथपर्यंत मुलं म्हणतात, शब्दांचा खेळ आहे सर. तेव्हा मी पुढची ओळ वाचतो. देवी विचारते: समजा ते शून्यातून सुरू झालं, तर कुठल्या गरजेने ते नंतर उगवलं, आधी का नाही? हा वार खोल आहे. शून्यात काहीच नसेल, तर 'आत्ता' आणि 'मग' यांत फरक करणारंही काही नाही. मग अमुक वेळीच ते का झालं याला कारण असूच शकत नाही. कारणाशिवाय काही घडतं हे मानायला तुम्ही तयार आहात का? नसाल, तर पार्मेनिडीसच्या बाजूने तुम्ही बरंच चालून आलाय.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. 'नासतो विद्यते भावो नाभावो विद्यते सतः' हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं आपण ऐकत आलोय. कार्य कारणात आधीपासून असतं म्हणणारे सांख्य आणि नसतं म्हणणारे न्याय-वैशेषिक यांचा वादही याच पातेल्याभोवती आहे. यावरून लगेच कोण कुणाकडून शिकलं यात शिरू नका. तसा पुरावा लागतो. दोन ठिकाणच्या माणसांना एकाच गाठीत बोट अडकल्याचं जाणवलं, एवढं पुरे.

त्याचा शिष्य झेनो, ते अकिलीज आणि कासव, तो जागच्या जागी थांबलेला बाण, हे सगळं गुरूच्या बचावासाठी आहे. आमच्या गुरूला हसता काय, मग तुमच्या 'हालचाली'तून काय काय निष्पन्न होतं तेही बघा, असा तो पवित्रा. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल, इथे नको.

पार्मेनिडीस किती भारी पडला, हे त्याच्यानंतरच्यांकडे बघून कळतं. 'नाही'तून काही येत नाही हा त्याचा कायदा सगळ्यांनी निमूटपणे मान्य केला आणि कायद्यात राहून बदल कसा बसवायचा याच्या वाटा शोधल्या. एम्पिडोक्लीज म्हणाला, पृथ्वी, पाणी, हवा, अग्नी ही चार मुळं कायमची. जन्म आणि मरण असं काही नसतंच, असतं ते मिसळणं आणि वेगळं होणं. चित्रकार मोजके रंग मिसळून झाडं, माणसं, पक्षी काढतो, तसं. ॲनॅक्झागोरस त्याहून पुढे. केस नाहीत त्यातून केस कसे येतील, मांस नाही त्यातून मांस कसं येईल? म्हणून प्रत्येक वस्तूत प्रत्येक वस्तूचा अंश. दुधात दही आधीपासून होतं, फक्त इतकं थोडं की दिसत नव्हतं.

ल्युसिपस आणि डेमोक्रिटस यांनी सगळ्यात धीट पाऊल टाकलं. 'आहे'चे असंख्य अभेद्य तुकडे केले, ते परमाणू. आणि ते हलायला जागा हवी म्हणून 'नाही'लाच अस्तित्व दिलं, ती पोकळी. परमाणूंत फरक तीनच: आकार, क्रम आणि ठेवण. ॲरिस्टॉटलने हे अक्षरांनी समजावलंय. 'ए' आणि 'एन' यांचा आकार वेगळा; 'एएन' आणि 'एनए' यांचा क्रम वेगळा; 'एन' आडवा पाडला की 'झेड' होतो, ती ठेवण. आपल्याकडे 'नदी' आणि 'दीन' घ्या: अक्षरं तीच, जागा बदलल्या, अर्थ पार बदलला. शोकांतिका आणि सुखांतिका एकाच मुळाक्षरांतून लिहिल्या जातात, हाही दाखला ॲरिस्टॉटलच देतो.

मला परमाणुवाद्यांबद्दल फार आदर आहे, पण त्यांनी मोजलेली किंमत मुलांना सांगावी लागते. डेमोक्रिटस म्हणतो, गोड आणि कडू हे रूढीने, रंग रूढीने. वास्तवात परमाणू आणि पोकळी. म्हणजे दह्याचा आंबटपणा दह्यात नाही, आपल्या जिभेच्या बाजूला आहे. दही नावाची एक नवी वस्तू सकाळी झालेली नाही; जुन्या तुकड्यांनी जागा बदलल्या.

इथवरचं थोडक्यात: पार्मेनिडीसने 'झालं' हा शब्द जप्त केला. पुढच्यांनी तो सोडवून आणला नाही. 'मिसळलं', 'सरकलं' असे त्याच्याऐवजी चालणारे शब्द वापरले. प्लेटोने, माझ्या मते, प्रश्न दोन मजल्यांवर वाटून टाकला. वरच्या मजल्यावर न बदलणारी रूपं, पार्मेनिडीसला साजेशी. खालच्या मजल्यावर सतत होणारं-जाणारं जग, हेराक्लिटसला साजेसं. ज्ञान वरच्याचं, खालच्याबद्दल फक्त मतं. 'टिमीअस'मध्ये तो खालच्या मजल्याकडेही पुन्हा वळतो. सोन्याला सतत नवे आकार देत राहिलो आणि कुणी विचारलं हे काय आहे, तर 'सोनं' म्हणणं सगळ्यात सुरक्षित, असं तिथे म्हणतो. हे सोनं ॲरिस्टॉटलच्या फार कामाला आलं असणार.

आता ॲरिस्टॉटल. 'फिजिक्स'च्या पहिल्या पुस्तकाचा सातवा अध्याय काढा. तिथे तो आकाशाकडे बघत नाही, वाक्यांकडे बघतो. माणूस गायला शिकतो. हे आपण तीन तऱ्हांनी म्हणतो: 'माणूस गायक झाला', 'गाता न येणारा गायक झाला', 'गाता न येणारा माणूस गायक झाला'. (त्याचा शब्द संगीत जाणणारा असा आहे, मी सोपा केला.) आता बघा, बदलानंतर काय उरलं? माणूस उरला. 'गाता न येणारा' उरला नाही. म्हणजे सुरुवातीला एकच गोष्ट दिसत होती, पण तिच्यात दोन दडलेल्या होत्या: टिकणारा आधार आणि जाणारा अभाव. त्यात येणारा आकार धरला की तीन.

आधार आणि अभाव असे वेगळे केले की पार्मेनिडीसची कोंडी फुटते. गायक 'नाही'तून आला का? एका अर्थी हो, गायकपणाच्या अभावातून आला. पण तो अभाव हवेत लोंबकळत नव्हता, एका माणसाचा होता. आणि तो 'आहे'तून आला का? हो, माणसातून, पण गायक असलेल्या माणसातून नव्हे. त्याचं आणखी एक उदाहरण: वैद्य घर बांधतो तेव्हा वैद्य म्हणून बांधत नाही, गवंडीकाम येतं म्हणून बांधतो. कुठल्या नात्याने, हे विचारलं नाही की कोडं पडतं. पार्मेनिडीसने 'नाही' हा शब्द एकाच वजनाने तोलला. ॲरिस्टॉटल म्हणतो, निखळ शून्य वेगळं आणि अमुक एका वस्तूत अमुक गोष्ट नसणं वेगळं.

मग 'सुप्त' आणि 'प्रत्यक्ष' कशाला? इथे मराठी शब्दानेच घोटाळा केलाय. 'सुप्त' म्हटलं की दुधाच्या आत एक छोटं दही झोपलेलं आहे असं चित्र डोळ्यांपुढे येतं. ते ॲनॅक्झागोरसचं झालं! ॲरिस्टॉटलचं म्हणणं साध्या क्रियापदात सांगता येतं: दूध दही होऊ शकतं. पाण्याचं दही होऊ शकत नाही, त्याला कितीही विरजण लावा. हे 'होऊ शकणं' रात्रीही खरं आहे, दही नसतानाही. म्हणून रात्रीचं 'दही नाही' हे रितं 'नाही' नाही.

तिसऱ्या पुस्तकात तो बदलाची व्याख्या करतो आणि मुलं तिथे हमखास अडखळतात: जे होऊ शकतं त्याचं, होऊ शकण्याच्या नात्यानेच, प्रत्यक्षात असणं म्हणजे बदल. विटांवर लावून बघा. ढीग पडलाय. त्या घर होऊ शकतात, पण काही चाललेलं नाही. घर उभं राहिलं, तेव्हाही काही चाललेलं नाही. आता 'बांधता येणं' संपलं, घर आहे. या दोहोंच्या मध्ये, गवंडी थर चढवत असताना, त्या विटांचं 'घर होऊ शकणं' हेच प्रत्यक्ष कामाला लागलेलं असतं. तेवढा काळ म्हणजे बदल. बदल आधीच्या अवस्थेतही नाही आणि नंतरच्या अवस्थेतही नाही, हे पकडायला त्याला ही वाकडी वाक्यरचना करावी लागली.

आता तुमची शंका: ही नुसती नावं नाहीत का? माझी कसोटी अशी. नाव नुसतं असेल तर ते टाकून देऊन काही बिघडू नये. मेगारा पंथाच्या लोकांनी ते टाकून पाहिलं होतं. ते म्हणत, करत असतानाच करण्याची क्षमता असते, एरवी नाही. 'मेटाफिजिक्स'च्या नवव्या पुस्तकात ॲरिस्टॉटल विचारतो: मग गवंडी जेवायला बसला की गवंडी राहत नाही का? उठल्यावर कामाला लागला, तर मधल्या वेळात ती कला त्याला पुन्हा कुठून मिळाली? आणि डोळे मिटले की आंधळा, उघडले की डोळस, म्हणजे माणूस दिवसातून किती वेळा आंधळा व्हायचा? बसलेला माणूस मग कधी उठणारच नाही, कारण उठण्याची क्षमता बसलेपणी त्याच्याकडे नाही. म्हणजे 'होऊ शकणं' काढलं की बदलच जातो, आणि आपण परत एलियात. म्हणून मी म्हणतो, हे नुसतं नाव नाही. एक मात्र कबूल: दूधच का होऊ शकतं आणि पाणी का नाही, हे त्या शब्दाने कळत नाही. ते दुधाचा अभ्यास करूनच कळतं. ॲरिस्टॉटलने स्वतः प्राण्यांवर केवढं काम केलं ते बघता, त्यालाही तो शब्द पुरेसा वाटत नव्हता असं दिसतं.

विरजणाचं राहिलंच. 'होऊ शकणं' आपण होऊन प्रत्यक्षात येत नाही. आधीच प्रत्यक्षात असलेलं काहीतरी ते घडवून आणतं. माणसापासून माणूस होतो, हे त्याचं पालुपद. दह्यानेच दही लागतं, हे आपल्या स्वयंपाकघराचं. त्याला विचारत मागे मागे गेलो की 'फिजिक्स'च्या आठव्या पुस्तकातला न हलणारा हलवणारा भेटतो, पण तो वेगळा दिवस.

परीक्षेत लिहायचं असेल तर विटा आणि गवय्या पुरेत, दही लिहू नका. तपासणाऱ्यावर विसंबून राहू नये. वाचायचं असेल तर आधी 'फिजिक्स' पहिल्या पुस्तकाचे सात आणि आठ हे अध्याय, मग पार्मेनिडीसचा आठवा तुकडा, आणि मग परत ते दोन अध्याय. हेराक्लिटस कधीही, कुठूनही.

आता जिथे मला स्वतःला अजून अडतं ते सांगतो, कारण 'मिटवलं' हा तुमच्या नोट्समधला शब्द मला सैल वाटतो. गायक होण्यात माणूस टिकतो, मूर्ती होण्यात कांसं टिकतं. पण सगळ्या वस्तू इतक्या सोयीच्या नसतात. रोप बीतून येतं, असं ॲरिस्टॉटल आधार म्हणून सांगतो. पण रोप आल्यावर बी कुठे उरतं? इथे खाली टिकणारं काय, यावर अभ्यासक आजही भांडतात. ही अडचण त्याला दिसत होती. 'मेटाफिजिक्स'च्या आठव्या पुस्तकात तो विचारतो: वाइनचा व्हिनेगर होतो, मग वाइन ही व्हिनेगरचं द्रव्य का म्हणायची नाही? जिवंत माणसाचं प्रेत होतं, मग जिवंत माणूस म्हणजे 'प्रेत होऊ शकणारा' का? त्याचं उत्तर असं की ही नासण्याची वाट आहे, घडण्याची नाही. व्हिनेगरची परत वाइन व्हायची तर आधी त्याचं पाणी व्हावं लागेल आणि मग तिथून पुन्हा वर यावं लागेल.

हे वाचल्यापासून मी त्या मुलीच्या दह्याकडे संशयाने बघतो. दही हे दुधाचं घडणं की नासणं? विरजण लावलं तर घडणं म्हणायचं आणि उन्हाळ्यात फडताळात राहून फाटलं तर नासणं? पातेल्यात साधारण सारखंच काहीतरी होत असेल, तर हा फरक दुधात आहे की आपल्याला काय हवं होतं त्यात, हे मला ॲरिस्टॉटलकडून अजून नीट काढून घेता आलेलं नाही.